वाचक विचारतात : जगाला कोण वाचवणार, हे कोणी ठरवलं?

गेल्या अंकात सुपरहिरोंच्या सिनेमांवर लेख छापला होता. या सिनेमांतली मूल्यं संवादांत शोधू नका, निर्णय कोण घेतं आणि त्याची किंमत कोण मोजतं ते पाहा, असं त्यात म्हटलं होतं. त्यावर ठाणे आणि नवी मुंबईतून बरीच पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

माझा मुलगा बारा वर्षांचा आहे. आम्ही घरातले सगळे हे सिनेमे करमणूक म्हणून पाहतो. मारामारीच्या सिनेमात राजकारण शोधणं म्हणजे ओढूनताणून अर्थ काढणं नाही का?
— एक आई, नौपाडा, ठाणे

जे पडद्यावर नाही ते लेखात लिहिलं तर ते ओढूनताणून, हे मान्य. म्हणून जे कागदावर आणि पडद्यावर आहे त्यापासूनच सुरुवात करू.

सुपरमॅन 1938 साली ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात आला. जेरी सीगल आणि जो शुस्टर हे त्याचे निर्माते, दोघेही ज्यू स्थलांतरितांच्या घरातले. त्या पहिल्या गोष्टीत सुपरमॅन एका निरपराध बाईचा मृत्युदंड थांबवतो, बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला धरतो आणि सिनेटरला खिशात घालणाऱ्या एका दलालाच्या मागे लागतो. परग्रहावरचे शत्रू वगैरे सगळं नंतर आलं. कॅप्टन अमेरिकाच्या पहिल्या अंकावर 1941 सालच्या मार्च महिन्याचं नाव आहे आणि मुखपृष्ठावर तो हिटलरच्या जबड्यावर ठोसा मारतोय. अमेरिका युद्धात उतरली त्या वर्षाच्या डिसेंबरात. म्हणजे देशानं अजून ठरवलं नव्हतं तेव्हा कॉमिकनं बाजू घेतली होती. राजकारण या प्रकाराच्या जन्मापासून आहे.

आता सिनेमा. जवळपास प्रत्येक सुपरहिरो सिनेमाचा सांगाडा एकच असतो: पोलीस, न्यायालय, सरकार कमी पडतं, मग एक माणूस कायद्याच्या बाहेर जाऊन काम करतो आणि आपण टाळ्या वाजवतो. हे एक राजकीय विधान आहे. चांगले सिनेमे ते विधान तपासतात, साधे सिनेमे ते गृहीत धरतात.

‘द डार्क नाइट’ (2008) हे तपासणाऱ्या सिनेमाचं उदाहरण. शेवटच्या भागात खलनायक जोकरला शोधण्यासाठी बॅटमॅन गॉथम शहरातला प्रत्येक मोबाइल टेहळणीचं यंत्र बनवतो. लुशियस फॉक्स त्याचा सर्वांत विश्वासू माणूस. तो सांगतो की एवढी ताकद एका माणसाच्या हाती असणं चूक आहे आणि हे यंत्र राहिलं तर मी नोकरी सोडेन. यंत्र वापरलं जातं, जोकर सापडतो, फॉक्स आपलं नाव टाइप करतो आणि यंत्र नष्ट होतं. अमेरिकेत 11 सप्टेंबरच्या दहशतवादी हल्ल्यांनंतर 2001 सालीच पेट्रियट कायद्यानं टेहळणीचे अधिकार वाढवले होते, तो वाद अजून गरम होता. सिनेमा म्हणतो की हे वाईट आहे, एकदाच वापरू आणि मोडून टाकू. आमच्या मते सिनेमाचा खरा कच्चा दुवा इथेच आहे. प्रत्यक्षात असं यंत्र स्वतःहून कोणी मोडत नाही.

त्याच वेळी दोन बोटींचा प्रसंग चालू असतो. एकीवर कैदी, दुसरीवर सामान्य नागरिक, प्रत्येक बोटीवर दुसरी उडवण्याचं बटण. नागरिकांच्या बोटीवर चिठ्ठ्या टाकून मतदान होतं आणि बहुमत कैद्यांची बोट उडवण्याच्या बाजूनं पडतं. तरीही प्रत्यक्ष बटण कोणाच्याच हातून दाबलं जात नाही. कैद्यांच्या बोटीवर एक दांडगा कैदी बटण हातात घेतो आणि सरळ खिडकीबाहेर फेकतो. गुप्त मतदानात माणूस जे करतो ते स्वतःच्या हातानं करेलच असं नाही, हे या पाच-सहा मिनिटांत एकही भाषण न देता दाखवलंय. मुलासोबत पुन्हा पाहायचं असेल तर हाच भाग पाहा.

मुलाला हे सगळं सांगत बसू नका. सिनेमा संपल्यावर एकच विचारा: “त्याला हे करायला कोणी सांगितलं होतं?” उत्तर “कोणीच नाही” असं आलं की पुढचं बोलणं आपोआप सुरू होतं.

मी मास मीडियाच्या शेवटच्या वर्षाला आहे. ‘ब्लॅक पँथर’मधली सांस्कृतिक आणि राजकीय मूल्यं, 2500 शब्द, असा प्रकल्प आहे. वाचावं तिथे तेच तेच लिहिलेलं आहे. सुरुवात कुठून करू?
— विद्यार्थी, ऐरोली

सिनेमा दोनदा पाहा. पहिल्यांदा पेन बाजूला ठेवून, सलग. दुसऱ्यांदा चार बैठकांत, साधारण 35 मिनिटांचा एक तुकडा, वहीत पाच रकाने आखून: वेळ, निर्णय काय झाला, कोणी घेतला, कोणाला विचारलं नाही, नुकसान कोणाचं झालं. सव्वादोन तासांच्या सिनेमात 25 ते 30 नोंदी व्हायला हव्यात. 60 झाल्या तर तुम्ही संवाद उतरवताय, निर्णय नाही. मग त्यातले तीन प्रसंग निवडा आणि सगळा प्रकल्प त्यांच्यावरच उभा करा. कथानकाला 300 शब्दांपेक्षा जास्त देऊ नका.

आम्ही निवडले असते ते प्रसंग असे.

पहिला, धबधब्यावरची लढत. वाकांडा हा सिनेमातला काल्पनिक देश, जगात सर्वांत प्रगत, कधीही पारतंत्र्यात न गेलेला, पण तिथला राजा ठरतो द्वंद्वात. राजा टी’चालाचा विरोधक किलमाँगर राजघराण्यातला आहे, त्याला आव्हान द्यायचा हक्क आहे, तो नियमानं लढतो आणि जिंकतो. कायद्यानं सत्तेवर आलेला माणूस देशाला युद्धात लोटायला निघतो, तेव्हा सेनापती ओकोये अडचणीत येते, कारण तिची निष्ठा गादीशी आहे, गादीवरच्या माणसाशी नाही. सिनेमातला सर्वांत गंभीर राजकीय प्रश्न हा आहे आणि बहुतेक लेखांत तो दोन ओळींत उरकलेला असतो. इथे पटकथेची सोडवणूक नीट पाहा: टी’चाला परत येतो आणि सांगतो की मी मेलो नाही, शरणही गेलो नाही, म्हणजे लढत संपलेलीच नाही. एका नियमातल्या पळवाटेनं देश वाचतो. नियम बदलावा असं मात्र कोणी म्हणत नाही.

दुसरा, संग्रहालयातला प्रसंग. लंडनच्या एका काल्पनिक संग्रहालयात किलमाँगर काचेमागच्या आफ्रिकी वस्तूंबद्दल तिथल्या तज्ज्ञ बाईंना विचारतो. एक कुऱ्हाड बेनिनची आहे असं त्या सांगतात. ब्रिटिशांनी ती बेनिनमध्ये लुटली, पण मूळची वाकांडाची आहे, असं तो सुधारतो. वाकांडा काल्पनिक असला तरी बेनिनची लूट खरी आहे. 1897 साली ब्रिटिश फौजेनं बेनिन शहर जाळलं आणि हजारो ब्राँझ व हस्तिदंती वस्तू नेल्या. त्यातल्या कित्येक आजही ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. मराठी वाचकाला हा मुद्दा परका नाही: 2024 च्या जुलैत साताऱ्याच्या संग्रहालयात आलेली वाघनखं लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमकडून ठरावीक मुदतीसाठी आणलेली आहेत. वस्तू कोणाची आणि ती उसनी कोणाला मिळते, हा धागा प्रकल्पात घ्या. तुमच्या परीक्षकांनाही तो नवा वाटेल.

तिसरा प्रसंग किलमाँगर दुष्ट ठरतो तो. अर्ध्या सिनेमापर्यंत त्याचं म्हणणं पटतं: जगभर काळ्या माणसांचे हाल होत असताना वाकांडा लपून का बसला? मग पटकथा त्याला आपल्याच साथीदार मुलीला गोळी घालायला लावते, एका वृद्ध बाईंचा गळा धरायला लावते, राजांना ताकद देणारी वनस्पती जाळायला लावते. प्रश्न बरोबर ठेवायचा आणि विचारणारा क्रूर करायचा, म्हणजे प्रश्नाला उत्तर द्यावं लागत नाही. ही पद्धत ओळखायला शिका, ती फार वापरली जाते. ‘स्पायडर-मॅन: होमकमिंग’ (2017) मधला व्हल्चर हा ढिगारा उपसणारा साधा कंत्राटदार. सरकार आणि एक अब्जाधीश मिळून त्याचं काम काढून घेतात तिथून तो बिघडतो, आणि शेवटी सिनेमाला फक्त त्याचा गुन्हा आठवतो.

‘ब्लॅक पँथर’च्या शेवटी टी’चाला अमेरिकेतल्या ओकलंडमध्ये समाजकेंद्र उघडतो. म्हणजे क्रांतीच्या जागी मदतकार्य. हे उत्तर पुरेसं आहे की नाही यावर तुमचं मत लिहा, दोन्ही बाजूंनी लिहिता येतं. सीआयए या अमेरिकी गुप्तचर संस्थेचा एजंट रॉस मित्र म्हणून दाखवलाय, त्यावरही थांबा. काँगोचे पंतप्रधान पॅट्रिस लुमुंबा यांना विष देण्याचा कट 1960 साली सीआयएनं रचला होता, हे अमेरिकी सिनेटच्याच चौकशी समितीनं 1975 मध्ये नोंदवलंय.

संस्कृतीच्या भागात वेशभूषाकार रूथ कार्टर यांचं काम जरूर घ्या. त्यांना या सिनेमासाठी ऑस्कर मिळालं. सीमेवरच्या टोळीच्या अंगावरची ब्लँकेटं लेसोथोच्या बासोथो लोकांची आहेत. वाकांडा दाखवलाय पूर्व आफ्रिकेत, पण लोक बोलतात दक्षिण आफ्रिकेतली खोसा भाषा. नऊवारी नेसलेल्या बाईनं पडद्यावर तमिळ बोलावं तसं हे आहे. काही अभ्यासकांना यात एका खंडाची अभिमानाची एकजूट दिसते, काहींना पुन्हा सगळी आफ्रिका एकाच पोत्यात भरलेली दिसते.

गुण कशानं जातात तेही सांगतो. खलनायकाचा संवाद उचलून “सिनेमा असं म्हणतो” लिहिणं ही सर्वांत मोठी चूक. सिनेमाचं मत कळतं ते शेवटी कोणाला बक्षीस मिळालं यावरून. दुसरी चूक, दिग्दर्शकाच्या मनातलं लिहिणं. मुलाखतीचा आधार नसेल तर “सिनेमात दिसतं” एवढंच लिहा. आणि उद्धरणं हिंदी डबिंगवरून घेऊ नका.

आमच्या सोसायटीत सुट्टीत मुलांना गच्चीवर सुपरहिरोचा सिनेमा दाखवून त्यावर चर्चा घ्यायची आहे. कशी घ्यावी?
— सांस्कृतिक समिती, घोडबंदर रोड

आधी अडचण सांगतो. ओटीटीचं वर्गणी खातं घरगुती वापरासाठी असतं, गच्चीवरचा सामूहिक खेळ त्यात बसत नाही. शाळेनं आपल्या विद्यार्थी-पालकांपुरता सिनेमा दाखवायला 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये सवलत आहे, सोसायटीला ती नाही. हक्कधारकाची परवानगी काढा, नाहीतर मुलांना सिनेमा आपापल्या घरी आठवडाभरात पाहायला सांगा आणि गच्चीवर फक्त चर्चा ठेवा. दुसरा मार्ग आम्हाला जास्त आवडतो. पडदा, प्रोजेक्टर, स्पीकर काहीच लागत नाही आणि रात्री दहानंतरच्या लाउडस्पीकर बंदीचीही चिंता राहत नाही.

‘कॅप्टन अमेरिका: सिव्हिल वॉर’ (2016) घ्या. लागोसमधल्या कारवाईत निरपराध माणसं मरतात, मग 117 देश करार करतात की इथून पुढे अ‍ॅव्हेंजर्सनी, म्हणजे सुपरहिरोंच्या या चमूनं, संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली काम करावं. टोनी (आयर्न मॅन) सही करतो, स्टीव्ह (कॅप्टन अमेरिका) नाही. मुलांकडून याची सुनावणी करून घ्या. 16 मुलं, चार-चारचे चार गट: मेलेल्यांचे नातेवाईक, सही करणारे सुपरहिरो, सही न करणारे सुपरहिरो, आणि शहराचं प्रशासन. दहा मिनिटं गोष्टीची उजळणी, वीस मिनिटं तयारी, पंचवीस मिनिटं सुनावणी, दहा मिनिटं गुप्त चिठ्ठ्यांनी मतदान. वय दहाच्या पुढे. लहानांना यात कंटाळा येतो, त्यांचा वेगळा खेळ घ्या.

बिघडतं ते तीन ठिकाणी. सुपरहिरोंच्या गटात सगळी बडबडी मुलं जातात आणि नातेवाईकांचा गट गप्प बसतो. म्हणून गट चिठ्ठ्या टाकून पाडा आणि बोलायची पहिली पाळी नातेवाईकांना द्या. दुसरं, “थॉर जिंकेल की हल्क” सुरू होतं. त्याला पाच मिनिटं द्या, दाबून ठेवलं तर ते पुन्हा पुन्हा उफाळतं. तिसरं आणि वाईट म्हणजे शेवटी एखादे काका उठून योग्य उत्तर सांगतात. समितीनं हे आधीच ठरवून टाळावं. मोठ्यांनी फक्त वेळ पाहायची.

एक गोष्ट मुलांच्या नजरेला आणून देण्यासारखी आहे. सिनेमाच्या शेवटी कराराचा प्रश्न बाजूलाच राहतो. टोनीच्या आईवडिलांना कोणी मारलं हे कळतं आणि सगळं भांडण खासगी सूडाचं होतं. चर्चा करायची ती त्या अर्धवट सुटलेल्या प्रश्नावर.

मुलं मोठी असतील तर तुमच्याच गेटवरचा विषय जोडा. पाहुण्याचा फोटो काढणारं ॲप, लिफ्टमधला कॅमेरा: ते फुटेज कोण पाहतं, किती दिवस ठेवतात, ठरवलं कोणत्या सभेत?

आपल्याकडच्या सुपरहिरोंची मूल्यं वेगळी आहेत की नुसती नक्कल?
— निवृत्त शिक्षक, वाशी

नक्कल वेशात आणि करामतींत आहे, मूल्यांत कमी. दूरदर्शनवर 1997 पासून आलेल्या ‘शक्तिमान’ची ताकद योगसाधनेतून येते आणि प्रत्येक भागाच्या शेवटी मुलांना सवयींचा धडा असतो. वाईट व्यवस्थेपेक्षा वाईट सवय बदलण्यावर त्याचा भर. ‘क्रिश’ (2006) मध्ये ताकद वडिलांकडून मुलाकडे येते, म्हणजे वारसा आणि घराणं. अमेरिकी सुपरहिरो बहुतेक अनाथ किंवा एकटा, आपल्याकडे आजीला विचारल्याशिवाय पान हलत नाही. हा फरक खराखुरा सांस्कृतिक आहे.

राजकीय अंगानं सर्वांत धीट प्रयत्न आम्हाला ‘भावेश जोशी सुपरहिरो’ (2018) वाटतो. विक्रमादित्य मोटवाने यांच्या या सिनेमात गुन्हा आहे मुंबईतल्या पाण्याच्या चोरीचा. घोडबंदर पट्ट्यात टँकरची वाट पाहणाऱ्याला हा खलनायक समजावून सांगावा लागत नाही. गोष्ट 2011 च्या भ्रष्टाचारविरोधी आंदोलनातल्या तरुणांपासून सुरू होते आणि संपते मोटारसायकलवरच्या एकट्या मुखवटेधाऱ्यापाशी. समूहाकडून एकट्याकडे झालेली ही घसरण सिनेमालाही बोचते.

मल्याळम ‘मिन्नल मुरली’ (2021) मात्र आवर्जून पाहा. एकच वीज दोघांवर पडते, गावातला शिंपी आणि गावानं वेडा ठरवलेला शिबू. एक नायक होतो, दुसरा खलनायक, आणि मधला फरक आहे गावानं दोघांना दिलेल्या वागणुकीचा. खलनायकाच्या प्रश्नाची जबाबदारी समाजावर ठेवायची हिंमत मोठ्या खर्चाच्या अमेरिकी सिनेमांत क्वचित दिसते. त्याच भाषेतल्या ‘लोका’नं (2025) लोककथेतल्या यक्षीलाच नायिका केलं. मराठीत श्रेयस तळपदे यांचा ‘बाजी’ (2015) येऊन गेला, ती वाट पुढे कोणी चालवली नाही याची खंत वाटते. लोकदैवतांची आणि राखणदारांची एवढी श्रीमंती असलेल्या भाषेत हे व्हायला हवं.

अमेरिकी लष्कर या सिनेमांना खरंच मदत करतं का? आणि बदल्यात काय घेतं?
— वाचक, खारघर

करतं, आणि उघडपणे करतं. निर्माता पटकथा संरक्षण खात्याच्या करमणूक माध्यमांशी संबंध ठेवणाऱ्या कार्यालयाकडे पाठवतो. ते बदल सुचवतात, मान्य झाले तर लेखी करार होतो, विमानं, तळ, सैनिक खर्च भरून मिळतात आणि सेटवर त्यांचा सल्लागार असतो. ‘आयर्न मॅन’ (2008) आणि ‘कॅप्टन मार्व्हल’ (2019) यांना अमेरिकी हवाई दलाची मदत होती. ‘द अ‍ॅव्हेंजर्स’ (2012) च्या वेळी सहकार्य जुळलं नाही, कारण सिनेमातली शील्ड ही गुप्तहेर संघटना नेमकी कोणाच्या हुकमाखाली आहे याचं समाधानकारक उत्तर मिळत नव्हतं. एका काल्पनिक संघटनेला खऱ्या लष्करानं विचारलेला हा प्रश्न आमच्या लेखाचाच प्रश्न होता.

‘आयर्न मॅन’ पाहताना आणखी एक लक्षात घ्या. 1963 च्या कॉमिकमध्ये टोनी व्हिएतनाममध्ये पकडला जातो, सिनेमात अफगाणिस्तानात. युद्ध बदललं तसं ठिकाण बदललं. टोनी शस्त्रांचा कारखाना बंद करतो आणि लगेच सर्वांत मोठं शस्त्र स्वतःच्या अंगावर चढवतो. शस्त्र वाईट नाही, ते चुकीच्या हातात वाईट, असं सिनेमाचं म्हणणं.

लष्कराइतकाच बाजाराचाही हात असतो. ‘डॉक्टर स्ट्रेंज’ (2016) मधले गुरू कॉमिकमध्ये तिबेटी होते, सिनेमात त्या केल्टिक वंशाच्या झाल्या. तिबेट आला असता तर चिनी प्रेक्षक गमावण्याची भीती होती, हे पटकथेच्या एका सहलेखकानंच बोलून दाखवलं. आपल्याकडे संरक्षण मंत्रालयानं 2020 च्या जुलैत सेन्सॉर बोर्डाला पत्र लिहून लष्करावरच्या सिनेमांसाठी आधी ना-हरकत घ्यावी असं सुचवलं होतं.

यूए 13+ म्हणजे दहा वर्षांच्या मुलाला थिएटरात सोडत नाहीत का? आणि हिंदीत पाहावं की इंग्रजीत?
— एक बाबा, कळवा

सोडतात. 2023 च्या कायदा दुरुस्तीनंतर यूएचे 7+, 13+ आणि 16+ असे तीन भाग झाले. ते पालकांना दिलेले सल्ले आहेत, मुलांना प्रवेशबंदी ‘ए’, म्हणजे प्रौढांसाठीच्या, प्रमाणपत्राला.

मुलाला जी भाषा सहज कळते तीत पाहा. मात्र भारतात दिसणारी प्रत मूळ प्रतीसारखीच असते असं धरू नका. ‘ब्लॅक पँथर’मध्ये पर्वतावरच्या जबारी टोळीचा प्रमुख हनुमानाचा जयजयकार करतो. आपल्या थिएटरांत तो शब्द गाळला गेला, त्यामुळे ही जोडणी इथल्या बहुतेक प्रेक्षकांना कळलीच नाही. ‘सुपरमॅन’च्या (2025) भारतीय प्रतीत चुंबनाचं दृश्य छाटलं गेलं आणि इमारती कोसळवणारी हाणामारी राहिली. मूल्यांची चर्चा करताना ही कात्रीही नोंदवहीत लिहा.